बेटावरचा रिसॉर्ट कसा निवडावा? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये लोकांच्या सहली आखून देते. लग्नसराईत आणि वार्षिक परीक्षा जवळ आल्या की बेटांची चौकशी वाढते. बहुतेक जण मोबाईलवर एक फोटो घेऊन येतात: निळंशार पाणी, लाकडी खोली, पाण्यात उतरणारा जिना. फोटो खोटा नसतो, पण त्यात एक गोष्ट दिसत नाही. महाबळेश्वरला हॉटेलचं जेवण नाही आवडलं तर माणूस बाजारात जाऊन खाऊन येतो. बेटावर रिसॉर्टच्या कुंपणापलीकडे समुद्र असतो. नाशिकहून निघताना जे विचारलं नाही, ते तिथं पोचल्यावर बदलता येत नाही. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची जमतील तेवढी सविस्तर उत्तरं.

मालदीव, अंदमान, बाली, मॉरिशस. यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?

यावर मी उलट तीन प्रश्न विचारते. सोबत कोण कोण आहे? त्यातलं सगळ्यात कमी चालू शकणारं माणूस कोण? आणि कोण काय खात नाही? ही तीन उत्तरं मिळाली की चारातली दोन नावं आपोआप गळतात. सहल घरातल्या सगळ्यात धडधाकट माणसाच्या हौसेवर ठरवली, तर बाकी सगळे चारही दिवस त्याच्या मागे फरफटत जातात. सगळ्यात नाजूक माणसाला सोयीचा रिसॉर्ट धरला, तर धडधाकट माणसाचं फारसं काही बिघडत नाही.

ढोबळ मानानं सांगायचं तर मालदीव म्हणजे स्वस्थ पडून राहणं. तिथं साधारण बाराशे प्रवाळबेटं आहेत आणि बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट, ही रीत १९७२ मध्ये तिथं पर्यटन सुरू झालं तेव्हापासूनची. बघायला समुद्राशिवाय काही नाही. ज्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी ‘आता काय?’ असं होतं, त्यांना मी मालदीव देत नाही. बाली आणि मॉरिशस ही मोठी बेटं. तिथं डोंगर, धबधबे, देवळं, बाजार सगळं आहे, आणि रिसॉर्ट बाहेर पडून परत येण्यासाठी. अंदमान आपल्याच देशात, पासपोर्टशिवाय, पण धावपळीचं.

सोबत सत्तरीच्या पुढचे आई-वडील आहेत. काय बघावं?

अंतरं. सगळ्यात आधी अंतरं बघा.

मी पहिल्यांदा घरच्यांसाठी मालदीव ठरवलं तेव्हा हीच चूक केली. सासूबाईंचे गुडघे दुखरे. खोली घेतली लाकडी धक्क्याच्या अगदी टोकाची, कारण तिथून सूर्यास्त दिसतो. जेवणघर बेटाच्या दुसऱ्या टोकाला. बॅटरीची गाडी फोन केल्यावर यायची, पण रात्री जेवणाच्या वेळी सगळ्यांनाच ती हवी असायची. दुसऱ्या रात्री पंचवीस मिनिटं वाट पाहून त्या म्हणाल्या, ‘तुम्ही या जेवून, मी दशमी खाते.’ त्या खोलीतल्या पलंगावर बसून प्लास्टिकच्या डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात होत्या, आणि काचेच्या जमिनीखालून मासे जात होते. त्यांनी तक्रार केली नाही. मला मात्र ते अजून लागतं.

तेव्हापासून मी रिसॉर्टकडून बेटाचा नकाशा मागवते आणि त्यावर पेन्सिलनं खोली, जेवणघर आणि धक्का यांना गोल करते. वयस्कर माणसांसाठी किनाऱ्यावरची, जेवणघराजवळची, पायऱ्या नसलेली खोली घ्या. बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, बाथटब ओलांडून अंघोळ करावी लागते का, हेही विचारा. बोटीत चढताना धक्का आणि बोट यांच्यात फट असते आणि बोट हलत असते. हात धरणारी दोन माणसं असतात, तरी गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना तो क्षण जड जातो. पाठीचा त्रास असेल तर स्पीडबोटीत मागच्या बाजूला बसवा, पुढे दणके जास्त बसतात.

अशा कुटुंबासाठी माझी पहिली पसंती मॉरिशस. विमानतळापासून रिसॉर्टपर्यंत गाडी जाते, बोटीत चढायचं नाही. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचं कडं आहे, त्यामुळे किनाऱ्याचं पाणी शांत असतं. मोठ्या लाटा बाहेरच फुटतात. आणि तिथं मराठी माणूस भेटतो. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून नेलेल्यांत मराठी कुटुंबंही होती. त्यांच्या वंशजांची मुलं आज शाळेत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईला हे मजूर जिथं उतरले तो आप्रवासी घाट जपून ठेवला आहे. आजी-आजोबांना किनाऱ्यापेक्षा तिथं जास्त वेळ रमलेलं मी पाहिलं आहे.

नुकतंच लग्न झालंय. पाण्यावरची खोली घ्यावीच का?

घ्या, पण सगळ्या रात्रींसाठी घेऊ नका. चार रात्री असतील तर दोन किनाऱ्यावरच्या खोलीत आणि शेवटच्या दोन पाण्यावर. पैसे वाचतात आणि नवलाई शेवटपर्यंत टिकते. उलट क्रम लावला की पाण्यावरून वाळूत आल्यावर उगाच उतरल्यासारखं वाटतं.

पाण्याखाली काय आहे हेही विचारा. काही खोल्यांखाली नुसती वाळू असते, काहींच्या जिन्यापासून पंधरा-वीस हातांवर प्रवाळ सुरू होतं. ज्याला तिथं ‘हाऊस रीफ’ म्हणतात ते किनाऱ्यावरून पोहत जाण्याजोगं असेल तर रोज फुकटात मासे आणि कासवं बघता येतात. नाहीतर दर वेळी बोटीचे पैसे. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून मालदीवचं बरंच प्रवाळ पांढरं पडलं, शिवाय भराव टाकून केलेल्या बेटांजवळ चांगलं प्रवाळ असेलच असं नाही. म्हणून जुने फोटो बघू नका, गेल्या दोन-तीन महिन्यांत जाऊन आलेल्यांचे बघा.

सीप्लेन की स्पीडबोट?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा.

मालदीवची राजधानी माले. तिथून रिसॉर्टच्या बेटावर जायला सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, नाहीतर स्पीडबोट. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. मालेला तुमचं विमान साधारण दुपारी साडेतीनच्या आत उतरलं नाही, तर त्या दिवशी पुढे जाता येत नाही. मग मालेजवळ मुक्काम, आणि रिसॉर्टच्या एका रात्रीचे भरलेले पैसे गेले. माझ्या माहितीतल्या एका जोडप्याचं मुंबईचं विमान उशिरा सुटलं आणि त्यांची पहिली रात्र अशीच गेली. रिसॉर्टनं एक रुपया परत केला नाही, कारण अटींत तसं लिहिलेलं होतं. संध्याकाळी पोचणारं विमान असेल तर स्पीडबोटीच्या अंतरावरचाच रिसॉर्ट घ्या.

सीप्लेनमधून खाली दिसणारी प्रवाळांची निळी कडी मात्र जन्मभर लक्षात राहतात. पैसे माणशी काहीशे डॉलर, सामान साधारण वीस किलो, आत आवाज प्रचंड. लहान बाळ असेल तर कानात घालायला कापूस ठेवा.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. घरात जैन जेवण लागतं. उपाशी राहू का?

उपाशी राहणार नाही, पण ‘व्हेज मिळतं’ या उत्तरावर विसंबू नका. तिकडच्या स्वयंपाकात व्हेज म्हणजे मांसाचे तुकडे नाहीत, इतकाच अर्थ बऱ्याचदा असतो. बालीच्या सांबाल चटणीत कोळंबीची पेस्ट असते. थायलंडमध्ये भाजीत माशाचा सॉस पडतो. मालदीवमध्ये सुकवलेला मासा चटणीतही असतो. म्हणून स्पष्ट विचारा: आचारी भारतीय आहे का, शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत का, कांदा-लसूण आणि जमिनीखालचं काही न घालता रोज दोन भाज्या मिळतील का? उत्तर लेखी मागा आणि त्याची प्रत सोबत ठेवा. पोचल्या दिवशी मुख्य आचाऱ्याला प्रत्यक्ष भेटा. तो स्वतः बाहेर येऊन बोलला की पुढचे दिवस नीट जातात, हा माझा अनुभव आहे.

मालदीवला जैन कुटुंबानं जायचं तर फक्त भारतीय आचारी असलेलाच रिसॉर्ट. बालीत कुता आणि उबुदला भारतीय हॉटेलं आहेत, म्हणून तिथं रिसॉर्टमध्ये फक्त नाश्ता घेतला तरी चालतं. मॉरिशसला रस्त्यावर ‘ढोल पुरी’ मिळते. आत वाटलेली डाळ, वर भाजी. पुरणपोळीतला गूळ काढून टाकल्यासारखी. आपल्या लोकांना ती फार आवडते.

मुलं चार आणि आठ वर्षांची आहेत.

पाण्यावरची खोली विसरा. कितीतरी रिसॉर्ट लहान मुलांना तिथं ठेवूच देत नाहीत, आणि जे देतात तिथंही आईचा डोळा लागत नाही. पुढच्या दारातून खेळायला गेलेलं मूल मागच्या दारानं समुद्रात उतरू शकतं.

बालीत सानूर किंवा नुसा दुआ घ्या, समोर प्रवाळाचा बांध असल्यानं पाणी संथ असतं. कुता, सेमिन्याक, चांगू हे लाटांवर स्वार होणाऱ्यांचे किनारे, तिथली ओढ मोठ्या माणसालाही खेचते. उलुवातूचे किनारे सुंदर आहेत, पण कड्यावरून पायऱ्या उतरून जावं लागतं. परत येताना चार वर्षांचं मूल तुमच्या कडेवर असणार. उबुदला समुद्र नाही हेही सांगून ठेवते. ‘बाली’ म्हटल्यावर खोलीसमोर किनारा असेल असं समजून लोक उबुदचं बुकिंग करून मोकळे होतात.

आमची द्राक्षबाग आहे. आम्हाला कधी जमेल?

निफाड, दिंडोरीकडच्या मंडळींचा हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो, कारण जाहिरातीतला ‘बेस्ट सीझन’ त्यांच्या कामाच्याच वेळी येतो. डिसेंबर ते एप्रिल मालदीवला आकाश निरभ्र असतं, अंदमानचाही तोच काळ. तेव्हा इथं माल काढणी आणि व्यापाऱ्यांची ये-जा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. जरा मोकळीक मिळते ती पावसाळ्यात.

आणि पावसाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, बालीला कोरडा ऋतू असतो. विषुववृत्ताच्या पलीकडे असल्यानं तिथलं गणित उलटं आहे. मॉरिशसलाही तेव्हा हिवाळा: हवा छान, पाणी जरा गार. मात्र त्या काळात मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यावर वारा झोंबतो, म्हणून पश्चिमेचा किंवा उत्तरेचा रिसॉर्ट घ्या. बागायतदार जोडप्यांना मी डोळे झाकून बाली सुचवते. उबुदजवळ डोंगरउतारावरच्या भातखाचरांचं पाणी ‘सुबक’ नावाच्या शेतकऱ्यांच्या संस्था वाटून देतात, शेकडो वर्षं. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ज्यांनी रात्री उठून सांभाळल्या आहेत, त्यांना ते बघताना जे कळतं ते इतर पर्यटकांना कळत नाही.

बालीबद्दल आणखी एक. तिथं ‘न्येपी’ हा नववर्षदिन असतो, आपल्यासारखाच शकाचा, त्यामुळे गुढीपाडव्याच्या आगेमागेच येतो. त्या दिवशी पूर्ण मौन. विमानतळ बंद, रस्ते बंद, पर्यटकांनीही हॉटेलबाहेर पडायचं नाही. पाडव्याची सुट्टी धरून तिकीट काढताना ती तारीख तपासा.

मे महिन्याच्या सुट्टीत अंदमान चालेल का?

पहिल्या पंधरवड्यात चालेल. उकाडा असतो, दुपारी खोलीत बसावं लागतं. महिन्याच्या शेवटाकडे पाऊस येतो, समुद्र खवळतो आणि बोटी रद्द होऊ लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत जमलं तर उत्तम.

अंदमानला तरी नाशिककरानं एकदा जावंच, असं मला मनापासून वाटतं. २१ डिसेंबर १९०९ ला आपल्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या खटल्यातली शिक्षा आणि आधीची, अशा दोन जन्मठेपा घेऊन भगूरचे सावरकर १९११ मध्ये सेल्युलर जेलमध्ये पोचले. थोरले बंधू बाबाराव आधीपासून तिथंच होते. सात इमारतींपैकी आता तीन उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, रांगेच्या टोकाला आहे. जिने चढावे लागतात, म्हणून वडीलधाऱ्यांना सकाळी उन्हाआधी न्या.

राहण्याचं म्हणाल तर पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, इथं साधं चांगलं हॉटेल पुरे. दोन रात्री जेल आणि आसपासच्या बेटांसाठी. खरा रिसॉर्ट हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला घ्या. ज्यांना गर्दी नको त्यांनी नीलला, शहीद द्वीपला जावं. ते लहान आहे, शांत आहे, आणि दोन दिवसांत आपलं वाटायला लागतं. अंदमानच्या वेळेचं एक ध्यानात ठेवा: घड्याळ आपलंच, पण बेटं खूप पूर्वेला, म्हणून हिवाळ्यात पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडतो. नाशिकसारखं दहाला आवरून बाहेर पडलात तर अर्धा दिवस संपलेला असतो. किनाऱ्यावर मगरींच्या पाट्या असतील तिथं पाण्यात उतरू नका. त्या उगाच लावलेल्या नाहीत.

लक्षद्वीप सोपं नाही का? आपल्याच देशात तर आहे.

पाणी मालदीवच्या तोडीचं, सोयी कमी. प्रशासनाची परवानगी काढावी लागते, कोचीहून तिथल्या आगत्ती बेटाचं विमान किंवा जहाज, आणि खोल्या मोजक्या. बंगारम बेट सोडून दारूबंदी आहे. निवांत, कमी अपेक्षांच्या माणसाला स्वर्ग. ऐनवेळी ठरवणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

आम्हाला कुणालाच पोहता येत नाही.

मग समुद्रात जाऊ नये असं मुळीच नाही. लाइफ जॅकेट घालून, प्रशिक्षकाचा हात धरून, कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवून बघा. तळाला काच असलेल्या बोटी आहेत. तिथून प्रवाळ बघताना रडू आलेल्या आजी मी पाहिल्या आहेत. जमत असेल तर जाण्याआधी महिनाभर इथल्या तलावात शिकवणी लावा. पाण्यात श्वास सोडण्याची भीती गेली तरी खूप झालं.

स्कूबा करायचं असेल तर दमा, फिट्स, रक्तदाब लपवू नका, अर्जात खरं लिहा. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला चोवीस तास जाऊ द्या, म्हणजे स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटच्या दिवशी नाही.

मी एकटी जाणार आहे.

मालदीवच्या रिसॉर्टमध्ये खोलीचा दर दोघांचा असतो, तो एकटीला भरावा लागतो. त्याऐवजी माफुशीसारख्या स्थानिक वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊस घ्या. तिथं लोक राहतात, शाळा आहे, मशीद आहे. पोहण्याचे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच, दारू नाही, आणि शुक्रवारी सरकारी फेरी बंद. एकट्या बाईला उबुदही फार सोयीचं.

कोटेशनपेक्षा बिल जास्त का येतं?

दराशेजारी दोन अधिकचिन्हं असतात, त्यामुळे. मालदीवमध्ये खोलीचा दर ३०० डॉलर दिसला तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क, मग त्या बेरजेवर १७ टक्के कर (जुलै २०२५ पासून), शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर हरित कर. दोघांची एक रात्र साधारण ४१० डॉलरना पडते. सीप्लेन वेगळं. म्हणून दर विचारताना ‘सगळे कर आणि ने-आण धरून किती?’ एवढंच विचारा.

जेवणाचं म्हणाल तर दारू न पिणाऱ्या कुटुंबानं ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ घेऊ नये. तिन्ही वेळचं जेवण धरलेलं पॅकेज पुरतं. फक्त पिण्याचं पाणी त्यात आहे का ते बघा. नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच घेतलं तर दुपारच्या एका सँडविचला तिथं जे पडतं, ते ऐकून वडील मंडळी जेवायचंच सोडतात.

परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्र भरताना हिशेबात धरता येतो. पावती जपा.

मुंबई विमानतळ गाठायला नाशिकहून कधी निघावं?

पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्री. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी तशीच आहे. पावसाळ्यात मी सहा तास हाताशी धरते. लोक हसतात, पण सीप्लेन चुकण्यापेक्षा विमानतळावर दोन तास बसलेलं बरं.

नाशिकहून सोबत काय न्यावं?

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. मालदीवसाठी प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, बालीला व्हिसा वेगळा, आणि वर दीड लाख रुपियाचा (तिकडच्या चलनात) पर्यटक कर आहे. दारू आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ मालदीवला नेता येत नाहीत. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत, उलटीची गोळी बोटीत बसण्याआधी अर्धा तास. उन्हात पोहताना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, पाठ भाजत नाही आणि क्रीमही कमी लागतं. दशम्या, चिवडा, खाकरे, मेतकूट, आणि गरम पाण्यात होणारा उपमा न्याच.

येताना किनाऱ्यावरचे शंख आणि प्रवाळाचे तुकडे मुलांच्या खिशात राहिले नाहीत ना, ते खोली सोडण्याआधी बघा. अंदमानात आणि मालदीवमध्ये प्रवाळ नेणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासतात.